कंपनीकडून की कॉलेजकडून

आज कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्रीत दुसऱ्या पाळीला कामगारांच्या समाधानाच्या प्रश्नावल्या वाटत होते. मोल्डिंगवरच्या एका मामांनी वाळूच्या बोटांनी कागद अगदी टोकाला धरला आणि विचारलं, "मॅडम, तुमी कंपनीकडनं का कॉलेजकडनं?" लग्नात मुलाकडचे की मुलीकडचे विचारतात, तसं. मी म्हटलं, "दोन्हीकडून." "मग जेवण पक्कं," मामा म्हणाले. सगळे हसले आणि सगळ्यांनी 'समाधानी'वर टिक करून कागद परत दिले.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. वहिनींचा फोन आला, त्यांचं अर्धं ऐकलंच नाही.

कुणाकडून, खरंच? स्टाफरूममध्ये मी 'बाहेरची कामं घेणारी'. कंपनीत 'मोटिव्हेशनवाल्या मॅडम', म्हणजे दिवाळीआधी टाळ्या वाजवून घ्यायला बोलावतात त्यांच्या रांगेत. ह्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, पुण्याला जा. जाऊ दे.

वर्गात मी अहमदाबादचा प्रयोग फार रंगवून सांगते. १९५३, कॅलिको ही कापड गिरणी, लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे संशोधक राईस. नवे ऑटोमॅटिक माग आले, पण प्रत्येकाकडे कामाचा एकेक तुकडा आणि मागांचा असा धनी कुणीच नाही. मग ठरावीक मागांचा संच एका गटाकडे द्यायची कल्पना निघाली. विणकरांनी ती उचलली, आपापले गट आपणच जमवले. मुलं लिहून घेतात, परीक्षेत येतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं, की राईस यांनाही मालकांनीच बोलावलं होतं. त्यांना कुणी विचारलं असेल का, साहेब, कुणाकडून?

आणि मी नेमकं काय मोजतेय? कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या कारासेक यांनी १९७९मध्ये मांडलं, की काम नुसतं जड असून माणूस पिचत नाही. काम जड आणि ते कसं, कधी करायचं हे हातात नाही, तेव्हा पिचतो. भट्टीतून मेटल आलं की ओतायलाच लागतं, ते कुणासाठी थांबत नाही. ते कळतं. पण त्यानंतर पाणी प्यायला जातानाही मामा आधी सुपरवायझरच्या तोंडाकडे बघतात. हे माझ्या प्रश्नावलीत कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि टिक मात्र 'समाधानी'वर. मालकांनी आकडे बघून खूश व्हायचं, मी बिल लावायचं, त्यातून टीडीएस कापला जायचा. कॉलेजचे लोक मला कमाईवरून टोमणे मारतात, त्यांना एकदा तो चेक दाखवायला हवा.

तरी मामांचं म्हणणं एक बरं. दोन्हीकडच्या माणसाला जेवण पक्कं असतं, पण दोन्हीकडची कामंही त्यालाच सांगतात.

तर मालकांना सांगायचं ठरवलंय: अहवालाचं एक पान मराठीत, कँटीनबाहेरच्या बोर्डावर, पाण्याच्या मुद्द्यासकट. ते "बघू" म्हणतील. सांगलीत बघू म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पण पान मी आजच टाईप करून ठेवलंय, आणि बिल त्याच्यानंतर देणार.