फोडी तीन, रस्सा पोटभर

2019 चा डिसेंबर माझ्या लक्षात राहिलाय तो मटणाच्या दरामुळं. दुसरीकडं लोक कांद्याच्या भावावरून चिडत होते, आमच्या कोल्हापुरात मटण सहाशेच्या घरात गेलं आणि पेठांमधून बैठका बसायला लागल्या. विक्रेते एकीकडं, खाणारे दुसरीकडं. मधे काही दिवस दुकानंसुद्धा बंद राहिली. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण बुधवार-रविवार ज्याच्या घरात मटण शिजतंय त्याला नाही येणार.

माझी खाणावळ लहान. सहा टेबलं, आत दोन शेगड्या आणि एक मोठी भट्टी. गिऱ्हाईक ठरलेलं: कॉलेजची पोरं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि गुळाच्या बाजारातले हमाल. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं जोरात, गुळाची आवक जोरात, म्हणजे हमालही भरपूर. ऑगस्टच्या महापुरात आठवडाभर खाणावळ बंद होती, त्याची उधारी अजून फिटली नव्हती. थाळी 140 रुपयाला होती. ती वाढवावी तर हमाल मंडळी वडापाववर जातील, न वाढवावी तर मी जाईन, अशी गत.

रविवारी साठ थाळ्यांना आठ किलो मटण लागायचं. त्या रविवारी पहाटे खाटकाकडं गेले आणि हिशेब सांगितला. आमचा खाटीक सासूबाईंच्या वेळेपासूनचा. तो म्हणाला, "वैनी, तीन किलो मांस घ्या. बाकी मान, मणके, नळ्या घ्या चार किलो. आणि बारा पाय देतो, तीन बकऱ्यांचे. हाडात रस्सा असतोय, फोडीत कुठला?"

पटलं. सगळं मिळून नेहमीच्यापेक्षा बरंच कमी पैशात आलं. फक्त एक विसरले. नुसत्या हाडांचा रस्सा सासूबाई करायच्या तेव्हा तो आदल्या रात्री चुलीवर चढायचा आणि इंगळावर सकाळपर्यंत राहायचा. माझ्याकडं साडेपाच तास होते.

सात वाजता पातेलं चढवलं. घाई म्हणून पाणी आधीच उकळून घेतलं होतं, त्यात सगळी हाडं एकदम टाकली. हळद, मीठ, आलं-लसूण पण लगेच. भट्टी पूर्ण सोडली. पाय भाजायचं काम मदतनीस पोराकडं दिलं होतं, नवीनच होता. त्यानं गॅसवर धरून वरचे केस जाळले आणि धुऊन दिले. मी न बघता पातेल्यात ढकलले.

पाऊण तासानं झाकण काढलं तर वास आला. मटणाचा नव्हे, न्हाव्याच्या दुकानाचा. खुरांच्या बेचक्यात केस तसेच होते आणि खुरांची टोपणंही काढलेली नव्हती. पाणी राखाडी, गढूळ, वर फेस आणि चरबी एकमेकांत घुसळून गेलेली. चमचाभर चाखलं. थुंकून टाकलं.

पोरगं रडायच्या बेतात आलं. त्याला काय बोलणार? पाय नीट भाजले की नाहीत हे बघणं माझं काम. सकाळी पावणेआठला, साठ माणसांच्या जेवणाच्या दिवशी, मी पातेलंभर पाणी मोरीत ओतलं. ओतताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

हाडं मात्र टाकली नाहीत. पाऊण तासात हाडातलं सगळं काही निघून जात नाही. दोन पाण्यांनी धुतली. पाय परत घेतले. एकेक पाय आचेवर काळा होईस्तोवर फिरवला, बेचक्यात सुरी घालून खरवडलं, गरम पाण्यात बुडवून पिरगाळून टोपणं काढली, हळद-मीठ चोळून परत धुतले. बारा पायांना अर्धा तास गेला. ते पाय वेगळे, मोठ्या कुकरमध्ये लावले आणि शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर तासभर ठेवले. उघड्या पातेल्यात पायांना चार तास तरी हवेत, आणि ते माझ्याकडं नव्हते.

मान, मणके, नळ्या पातेल्यात घातल्या आणि या वेळी वर गार पाणी ओतलं. हे गार पाण्याचं आमच्यात सगळ्यांना माहीत असतं, का ते कुणी सांगत नाही. पाणी हळूहळू तापलं की हाडामांसातला रक्ताळ अंश सावकाश सुटतो आणि गोळा होऊन वर फेसासारखा येतो, मग पळीनं काढता येतो. उकळत्या पाण्यात टाकलं की तो बारीक कण होऊन पाण्यातच फिरत बसतो. खळाखळा उकळलं की चरबीही फुटून पाण्यात मिसळते. सकाळचं गढूळ पातेलं म्हणजे या दोन्ही चुका एकदम.

वीस मिनिटं मी पळी घेऊन उभी. फेस काढायचा, परत येईल तो काढायचा. पाणी नितळ झाल्यावर आलं-लसूण, कोथिंबिरीचे देठ, चिमूट हळद. मीठ नाही, ते शेवटी, कारण पाणी आटलं की मीठ आपोआप वाढतं. आच इतकीच की कडेला एखादा बुडबुडा यावा. आणि झाकण अर्धवट.

साडेदहाला पायांचा कुकर उघडला. कातडी आणि सांध्याच्या शिरा लोण्यासारख्या झाल्या होत्या. हाडाच्या रश्श्याला जो दाटपणा येतो तो या चिवट भागातून. कातडी, शिरा, सांधे यांत जे चिवट असतं ते ओल्या उष्णतेत पुष्कळ वेळ राहिलं की विरघळतं, त्याचं जिलेटीन होतं. मऊ मांसात ते फारसं नसतंच. म्हणून महागाच्या फोडींचं पाणी पातळ राहतं आणि स्वस्तातला पाय पातेलं भरून जातो. पायांचं पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं, ढवळलं, आणि पळीवरून पडणारी धार जरा जाड झालेली दिसली. तेव्हा पहिल्यांदा खाली बसले, चहा घेतला.

पुढचं काम नेहमीचं. वरची चरबी काढून घेतली ती तांबड्याच्या फोडणीला, तेल वाचलं. मानेची हाडं उपसून मांस बोटांनी सोडवलं. ही किचकट गोष्ट आहे, पण चार किलो हाडातून मोठ्या दोन वाट्या मांस निघालं, ते सुक्क्यात गेलं. थोडं अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं मटणाचं पाणी, बाजूला काढून ठेवलं. उरलेल्यातल्या अर्ध्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण, लवंग-वेलदोडा घालून पांढरा. अर्ध्यात कांदा-लसूण मसाला घालून तांबडा.

एरवी आमच्याकडं अळणी पोरांना किंवा आजाऱ्याला देतात. त्या दिवशी मी प्रत्येकाला ताटाआधी एक वाटी गरम अळणी दिलं, मिरपूड आणि लिंबू पिळून. हिशेब सरळ होता. ताटात फोडी तीनच होत्या, एरवी सहा-सात असतात. आधी पोटात काहीतरी गरम आणि दाट गेलं तर माणूस फोडी मोजत नाही, असं मला वाटलं.

हमालांचे मुकादम मामा बाराला आले. पासष्टीचे असतील. वाटी तोंडाला लावली, थांबले, ओठ एकमेकांवर दाबून बघितले.

"वैनी, ओठ चिकटत्यात. पाय घातलाईसा."

"घातलाय मामा."

"लई दिसांनी." परत वाटी पुढं केली. मग ताट आलं. सुक्क्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "फोडी तीन?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. दर सांगितला, थाळी का वाढवली नाही तेही सांगितलं. मामांनी बाकीच्यांकडं वळून जाहीर केलं, "दर वाढलाय, फोडी कमी हायत्या, रस्सा कितीबी घ्या. भाकरी चुरून खावा." झालं. भाकऱ्या चुरल्या गेल्या, आणि नळ्या ताटावर आपटायचा आवाज सुरू झाला. सहा टेबलांवर एकदम नळ्या आपटायला लागल्या की लोहाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

सगळेच खूश झाले असं नाही. कॉलेजची दोन पोरं होती, त्यातला एक म्हणाला, "काकू, हे मटण नाही, मटणाचं पाणी आहे." त्याचं चूक नव्हतं. त्यानं पैसे मटणाच्या थाळीचे दिले होते. मी निम्मे परत केले. तो त्यानंतर काही आठवडे आला नाही. मनाला लागलंच थोडं.

एक गृहस्थ डबा घेऊन आले होते. भावाचा पाय मोडलाय, प्लास्टर आहे, पायाचं सूप दिलं की हाड जुळतं म्हणाले. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. हाडाच्या पाण्यात कॅल्शियम फार उतरत नाही. त्यासाठी दूध आणि नाचणी बरी. सूप द्या, पण ते जेवण जात नाही त्या माणसाला चार घास जावेत म्हणून. ते जरा नाराज झाले. डबा मात्र काठोकाठ भरून नेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

दोनला शेवटचं ताट उठलं. त्रेसष्ट थाळ्या झाल्या. मांस संपलं, भात संपला, तळाला तीन-चार वाट्या अळणी उरलं ते लहान पातेल्यात काढून मागच्या खिडकीत ठेवलं आणि विसरले.

रात्री थंडी होती. आवराआवर करताना पोरानं हाक मारली, "काकू, ह्याला काय झालंय?" पातेल्यातलं अळणी खरवसासारखं घट्ट बसलं होतं. त्यानं पातेलं तिरकं केलं, हललं नाही. उपडं केलं, तरी पडेना. बोट खुपसून बघितलं आणि लगेच माझ्याकडं बघितलं, मी ओरडते की काय म्हणून. सकाळी मोरीत ओतलेलं आठवून मला हसायला आलं. ते गरम करून आम्ही दोघांनी शिळ्या भाकरीबरोबर खाल्लं. पुढच्या रविवारी पाय भाजायचे ते आपणच, असं तो स्वतःहून म्हणाला.

बुधवारी परत खाटकाकडं गेले. चार किलो हाडं आणि बारा पाय मागितले. त्यानं पुडकं बांधलं आणि किलोमागं वीस रुपये जास्त लावले.

"हाडालासुद्धा?"

"आता तुम्हीच मागायला लागलाय की वैनी," तो म्हणाला, आणि एक नळी फुकट टाकली.