आधी चिठ्ठ्या काढ!

टेलरच्या धंद्यात सगळीकडे दिवाळीचा धसका असतो. नागपुरात दसऱ्याचा. त्यातही मी ज्या दुकानात काम शिकलो ते ऊंटखान्याकडे होतं, म्हणजे एका अंगाला रेशीमबाग आणि दुसऱ्या अंगाला इमामवाडा. रेशीमबागेकडची गिऱ्हाइकं दसऱ्याला संघाच्या संचलनात जायची, इमामवाड्यातली दीक्षाभूमीवर. पांढरा शर्ट दोघांनाही लागायचा आणि दसऱ्याच्या सकाळीच लागायचा. रेशीमबागवाले पितृपक्ष संपेपर्यंत नव्या कापडाला हात लावत नसत. इमामवाड्यातल्यांना पितृपक्षाचं काही नव्हतं, पण पगार व्हायचा असायचा. शेवटी सगळे त्याच आठ-दहा दिवसांत कापडाची घडी घेऊन हजर.

ही 1979-80 च्या आसपासची गोष्ट. दहावी झाल्यावर मी काज-बटणाला बसलो होतो. पायाच्या दोन मशिनी, कटिंगचं एक टेबल, वर कवेलूचं छप्पर. कापायला मास्टर, शिवायला एक कारागीर आणि उरलेल्या सगळ्या कामांना मी.

भिंतीपलीकडे नानाजींचं सलून. समोरासमोर दोन मोठे आरसे, लाकडी खुर्च्या, लहान पोरांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची फळी, वस्तऱ्याला धार द्यायचा चामड्याचा पट्टा, फिटकरीचा खडा आणि दिवसभर विविध भारती. त्या काळात आमचा धंदा तेजीत होता आणि नानाजींचा मंदीत. बेलबॉटमला कापड जास्त लागे, शिलाई जास्त मिळे. पण तीच पोरं कान झाकणारे केस ठेवून फिरायची आणि दोन-दोन महिने सलूनची पायरी चढायची नाहीत. ‘‘या बच्चननं माह्या पोटावर पाय देल्ला,’’ नानाजी म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे. माझेही केस तसेच होते.

पांढऱ्याचा आठवडा सुरू झाला की मास्टर दुसराच माणूस होत. आधी मशिनी पुसायच्या, मग चिंधीवर टीप मारत राहायची, तेलाचा ठिपका उमटायचा बंद होईपर्यंत. मशिनीखाली धुतलेलं धोतर अंथरायचं, वर्तमानपत्र नाही, कारण त्याची शाई कापडाला लागते. टाचणी बंद, गंजाचा डाग पडतो. कोळशाची इस्त्री आधी बाहेर नेऊन फुंकायची, मग ओल्या फडक्यावर फिरवून पाहायची. मला तर दर तासाला हात धुवायला लावत. हे सगळं ते 1956 साली शिकले होते. तेव्हा इतवारीतल्या एका दुकानात ते माझ्यासारखेच उमेदवार होते. 14 ऑक्टोबरला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि लोकांना पांढऱ्या कपड्यांत या म्हणून सांगितलेलं होतं. ‘‘त्या हप्त्यात सुई खाली ठेवली नाही आम्ही,’’ एवढंच मास्टर सांगत. सांगतानाही हातातलं काम थांबत नसे.

टाचणी बंद असल्यामुळे नावाची चिठ्ठी गुंडाळून कॉलरच्या काजात खोचलेली असायची. नाव लिहायचं शाईच्या पेन्सिलीनं. त्या पेन्सिलीचा गुण ज्यांनी ती वापरली त्यांनाच माहीत. कोरडी असेपर्यंत करडी, पाण्याचा थेंब लागला की जांभळी, आणि तो जांभळा डाग कापडावरून जन्मात जात नाही.

दसऱ्याच्या आदल्या रात्री दहाच्या पुढे परतीचा पाऊस आला. आधी वारा सुटला, मग लाइट गेली, आणि पाठोपाठ छपरातून धार लागली, ती नेमकी शर्टांच्या दांडीवर. चाळीसेक शर्ट इस्त्री करून टांगलेले. मी दांडीच उचलायला गेलो. मास्टर अंधारातून ओरडले, ‘‘अबे, आधी चिठ्ठ्या काढ! चिठ्ठ्या!’’

आम्ही तिघांनी अंधारात हातानं चाचपडत एकेका कॉलरमधून चिठ्ठ्या ओढून फेकल्या आणि मग शर्टांचा ढीग छातीशी धरून नानाजींच्या सलूनमध्ये धावलो. त्यांच्याकडे गॅसबत्ती जळत होती आणि छप्पर पत्र्याचं होतं. एका शर्टालाही जांभळा ठिपका लागला नव्हता. पण कोणता शर्ट कोणाचा, हे सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं. सगळे पांढरे. सकाळी सहापासून लोक येणार.

मास्टर मापाची वही घेऊन आले. मापाची वही म्हणजे काय चीज होती, हे आता तयार शर्टावर एम, एल बघून घेणाऱ्यांना सांगणं कठीण आहे. प्रत्येक पानावर लांबी, छाती, तिरा म्हणजे खांदा, बाही, कॉलर, आणि कोपऱ्यात त्याच कापडाची बोटभर चिंधी टाचलेली. शिवाय मास्टरच्या खुणा. पोट सुटलेलं असेल तर एक पोकळ शून्य, एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूला खाली जाणारा बाण. गिऱ्हाईक वहीत डोकावलं तरी त्याला काही कळायचं नाही, आणि कळू नये हाच हेतू. ‘‘माणसाचं अंग त्याच्या तोंडावर बोलून दाखवू नये,’’ असं ते म्हणत. मला वाटतं, गिऱ्हाईक तुटू नये हेही कारण असावं.

पहिली वाटणी कापडावरून करायची ठरली. पण गॅसबत्तीच्या उजेडात सगळेच पांढरे सारखे दिसतात. म्हणून मास्टर डोळे मिटून चिंधी आणि शर्ट अंगठ्याखाली चोळून बघू लागले. पॉपलीन, लठ्ठा हे लगेच कळले. शंका आली की शिवणीच्या आतल्या दाबातून एक तंतू ओढायचा आणि काडीच्या ज्योतीवर धरायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख, टेरिकॉट असेल तर आखडून कडक गोळी. सलूनभर जळका वास पसरला. नानाजी एका गिऱ्हाइकाची दाढी करता करता म्हणाले, ‘‘मास्टर, माहं दुकान नका पेटवू, सणाचा दिवस हाय.’’

मग मापं. मी वहीतून वाचायचं, कारागीर टेप लावणार, मास्टर ठरवणार. उजवा तिरा खाली कापलेला सापडला की वहीत बाण शोधायचा. तो इतवारीतला हमाल निघे. बाहीला सूतभर घेर जास्त असेल तर तो संघवाल्याचा, कारण गणवेशात पूर्ण बाही दुमडून वर नेतात आणि बाही तंग असली की ती कोपरावर अडते. खिशाच्या आत पेनापुरती वेगळी शिवण मारलेली असेल तर तो बहुतेक इमामवाड्यातल्या कॉलेजच्या पोराचा. ती शिवण ही पोरं आवर्जून सांगून मारून घ्यायची. एकाच तागाचं पॉपलीन आणि छाती छत्तीस अशी एक जोडी आली होती. मापात दोन्ही शर्ट तंतोतंत सारखे. या शिवणीनंच त्यांचा निकाल लावला.

खरी गंमत नानाजींनी केली. दुकान रिकामं झाल्यावर ते गॅसबत्तीला पंप मारायच्या निमित्तानं आमच्यात येऊन बसले आणि कॉलर बघायला लागले. ‘‘हा मागून ढिला काऊन कापला?’’ मास्टरनाही आठवेना. नानाजी म्हणाले, ‘‘मंग हा वखारीवाल्या भाऊचा. त्याले मानीवर केसतूड येते. मागून वस्तरा लावू देत नाही.’’ वही पाहिली, बरोबर. त्यानंतर कॉलर आली की मास्टर ती सरळ नानाजींपुढे धरू लागले. कोणाची मान आखूड, कोणाचा कंठ पुढे आलेला, कोणाच्या गळ्याभोवती सूज आहे, हे त्यांना हातानं पाठ होतं. ते दोघे एकेका शर्टाकडे बघून माणूस उभा करत होते, तेही त्या माणसाचं नाव न घेता. नाव मी वहीतून वाचून दाखवायचं.

शेवटी एक शर्ट उरला. त्याचं माप कुठल्याच पानाशी जुळेना. पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मग कारागीर म्हणाला, ‘‘आजीचा असंन.’’ इमामवाड्यातली एक म्हातारी दर वर्षी बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलासाठी शर्ट टाकायची, आणि माप म्हणून त्याचाच जुना शर्ट आणायची. नमुना परत जायचा, वहीत पान उघडलं जायचं नाही. ज्याला पान नाही तो तिचा, एवढा सोपा हिशेब आम्हाला तीन वाजता सुचला. तिचा मुलगा रेल्वेतून उतरून थेट दुकानात येई आणि तिथेच कपडे बदलून आईसोबत निघे.

2016 साली संघाची हाफपँट जाऊन फुलपँट आली, तेव्हा माझ्या सक्करदऱ्याच्या दुकानात मला वाटलं, आता हंगाम. पण बहुतेकांनी तयारच घेतल्या आणि माझ्याकडे फक्त मोहरी, म्हणजे पायाशी असणारा घेर, कमी करायला आणल्या. माझी मापाची वही अजून आहे. तिच्यात चिंध्या मात्र फारशा नाहीत.

तर त्या पहाटे शर्ट पुन्हा इस्त्री करून, या वेळी चिठ्ठ्या साध्या पेन्सिलीनं लिहून, आम्ही सलूनच्याच दोरीवर लावले. मी टेकायला म्हणून नानाजींच्या खुर्चीत बसलो आणि झोपलो. मॉडेल मिलच्या भोंग्यानं जाग आली तेव्हा मानेला गार लागत होतं. समोरच्या आरशात पाहिलं तर दोन्ही कान उघडे. नानाजी शांतपणे हातातली मशीन पुसत होते. मास्टर दारात उभे, पोटाला हात लावून हसत होते. ते तसे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

‘‘नानाजी, न विचारता कापले तुम्ही?’’

‘‘सणाचा दिवस हाय, पोट्ट्या. चांगला दिसून राहिला.’’ त्यांनी माझ्या गळ्यातलं फडकं झटकलं आणि हात पुढे केला. ‘‘आन हं, कटिंगचे पैसे नाही मागत. रॉकेलचे दे. रातभर बत्ती तुमच्यासाठी जळली.’’

मास्टरनी ते माझ्या पगारातून दिले.