निपाणीच्या पानाची रग

बेळगावहून निपाणीला जाताना खिडकीची जागा धरावी, ती जमिनीचा रंग बघायला. आदल्या दिवशी खानापूरकडे होतो. तिथं तांबडी माती, दांडगा पाऊस, भातखाचरं. संकेश्वर मागे टाकून तवंदी घाट उतरलो, तर जानेवारीच्या उन्हात भेगाळलेली काळी रानं. ऊसही बराच होता, पण मला बघायची होती बिडीची तंबाखू.

मित्राच्या मामांचं रान गावालगतच. शेंडे खुडलेली झाडं, जाड पानं, त्यांवर तांबूस ठिपके. पान चोळलं तर बोटं डिंकात बुडवल्यागत चिकट झाली.

“मामा, पाणी दिलं असतं तर पान आणखी मोठं झालं असतं ना?”

“झालं असतं की. पर नुसतं फुगलं असतं. रग कुठनं यायची?”

शास्त्रही हेच सांगतं. रग म्हणजे तंबाखूचा कडकपणा, आणि तो येतो निकोटीनमुळे. निकोटीन पानात तयार होतच नाही. ते मुळांत होतं आणि पाण्याबरोबर वर चढून पानात साठतं. 1940 च्या दशकात कलमं बांधून हे दाखवलं गेलं: तंबाखूच्या मुळावर टोमॅटो चढवला, तर टोमॅटोच्या पानात निकोटीन उतरलं, टोमॅटोच्या मुळावरची तंबाखू मात्र जवळजवळ निकोटीनविना वाढली. मला तर हे जादूसारखंच वाटतं! म्हणजे मुळं कुठल्या मातीत आहेत, याला महत्त्व आलंच. पाऊस सरल्यावर इथलं पीक काळ्या मातीतल्या ओलीवर जगतं. ओल खाली सरकत जाते, झाडाला ताण बसतो, पान पसरायचं सोडून जाड होतं आणि निकोटीनचं प्रमाण चढतं. शेंडा खुडला की झाड ती जखम समजतं, आणि मुळं आणखी निकोटीन करतात.

म्हैसूरकडे हुणसूर, पिरियापट्टणला सिगारेटची, व्हर्जिनिया जातीची सौम्य तंबाखू होते. जात वेगळी, पान भट्टीत वाळवतात, हे खरं. पण ती सौम्य होण्यात हलक्या जमिनीचाही वाटा आहे. तिथं नत्र लवकर संपतं, पान पिवळं पडतं, निकोटीन बेताचं राहतं आणि साखर जास्त भरते.

निपाणीत परतल्यावर वखारीत डोकावलो. वासानेच ठसका लागला. व्यापारी चुरा तळहातावर मळून, हुंगून दर बोलतो. याच दरासाठी 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी इथल्या महामार्गावर बसले होते.

मामांच्या खालच्या पट्टीत शेजारच्या उसाचं पाणी झिरपतं. तिथला माल व्यापारी दरवर्षी बाजूला काढतो. पुढल्या हंगामात तिथं ऊसच लावायचं त्यांनी ठरवलंय. तंबाखू फक्त वरच्या कोरड्या रानात.