सकाळची फॅट

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी टेस्टर आहे, म्हणजे आलेलं दूध तपासते. पहाटे साडेपाचला शटर वर करायचं, मशीन लावायचं, पहिली किटली यायच्या आत नमुन्याच्या बाटल्या मांडून ठेवायच्या. नऊ वर्षं झाली. त्यातला गेल्या पावसाळ्यातला दीड महिना सोडला तर लिहावं असं काही घडलेलं नाही.

भावकीतलेच एक तात्या आहेत. त्यांच्या म्हशीच्या दुधाची फॅट, म्हणजे स्निग्धांश, सात टक्क्यांच्या आसपास लागायची. एके सकाळी ती ५.६ लागली. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात. त्याच्या खाली गेलं की पॉइंटागणिक पैसे कापले जातात. तात्यांनी पावती वाचली आणि रांगेसमोर म्हणाले, "राहिलेली फॅट कुणाच्या किटलीत ओतलीस गं?"

लोक हसले. मीही हसले. चौथ्या दिवशी कुणी हसत नव्हतं. आठवडाभरात पिठाच्या गिरणीवर चर्चा पोचली, की मी चेअरमनच्या घरची फॅट वाढवते आणि ती गरिबाच्या दुधातून काढते. एकाची फॅट काढून दुसऱ्याच्या दुधात घालता आली असती तर मी टेस्टर कशाला राहिले असते!

रात्री वही काढून बसले. तात्यांची संध्याकाळची फॅट पूर्वीसारखीच होती, ६.९, ७.०. फक्त सकाळची पडली होती. रात्रभराचं अंतर जास्त असतं म्हणून सकाळची फॅट थोडी कमी लागतेच, पण एवढी नाही. मला हायसं वाटलं, मशीन बिघडलेलं नाही. मग लक्षात आलं, संध्याकाळी सचिव शेजारी बसलेले असतात. सकाळी मी एकटी असते. म्हणजे माझी बाजू मांडायला जी वही दाखवणार, तीच माझ्या विरोधात जाणार. तात्यांच्या जागी मी असते तर मलाही संशय आला असता. हे कबूल करणं फार जड गेलं.

त्यामुळे आधी स्वतःलाच तपासलं. मशीन धुवायला चुकते का? दुधात हवेचे बुडबुडे राहिले तर आकडा फिरतो. घाईत तसं होतंय का? किटलीतलं दूध थांबलं की साय वर येते, म्हणून नमुना घेण्याआधी ते खालीवर ढवळावं लागतं. मी नीट ढवळते का? ढवळत होते. तरी त्या दिवसांत प्रत्येक किटली मोजून पाच वेळा ढवळली, चेअरमनची आणि तात्यांचीही. मागून कुणीतरी म्हणायचं, "आता नाटक बघा." हात थरथरायचा. पण पाच म्हणजे पाच.

आई माळकरी. ती म्हणाली, "विठोबाला ठाऊक हाय." मी चिडून म्हटलं, "विठोबा संस्थेचा सभासद नाही, त्याला सभेत मत नाही." बोलले खरी, पण शटर उघडल्यावर काट्याला हात लावून कपाळाला लावायची सवय काही मोडली नाही.

सचिवांना सांगून कपाटातली जुनी गर्बरची नळी काढली, मशीनशिवाय फॅट मोजायची. तात्यांच्या समोर १० मिली ॲसिड, त्यावर १०.७५ मिली त्यांचं दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. हलवताना नळी चटका बसेल इतकी तापते, म्हणून फडक्यात धरावी लागते. दूध काळपट तपकिरी होतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवली, मग वरचा पिवळसर थर त्यांनाच वाचायला सांगितला. ५.५. तात्या म्हणाले, "ॲसिड पण तुझंच की."

त्या रात्री राजीनामा लिहिला होता. खोटं कशाला सांगू. दिला नाही, कारण सकाळी साडेपाचला किल्ली माझ्याकडेच होती.

उलगडा केला तो तात्यांच्या घरच्या काकींनी, आणि तोही बोलता बोलता. एका संध्याकाळी दूध घालायला आल्या आणि म्हणाल्या, "रेडकू कसलं गुबगुबीत झालंय बघ, पोरगा लई सोडतोय त्याला." तात्यांच्या मनगटाला लागलं होतं, म्हणून सकाळची धार मुलगा काढायचा. त्याला एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायची असे. अर्धीमुर्धी धार काढायची आणि रेडकू सोडून पळायचं. सुरुवातीची धार पातळ असते, जास्त फॅट शेवटच्या दुधात. ती रेडकाच्या पोटात जात होती. संध्याकाळी काकी कास पूर्ण रिकामी करायच्या.

रविवारी सकाळी काकींनी धार काढली. ६.८.

तात्यांनी माफी वगैरे मागितली नाही. मीही वाट बघितली नाही, असं लिहायला आवडलं असतं, पण दिवाळीपर्यंत बघितली. गिरणीवर अजून एक-दोघं म्हणतात की बोभाटा झाल्यावर मी सुधारले. दोन घरं दुसऱ्या डेअरीला गेली, ती परत आली नाहीत.

आता मी मशीनचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवते. परवा तात्यांची ७.३ लागली. ते डोळे बारीक करून म्हणाले, "मशीन बिघडलं न्हाई न्हवं?"

"बघते," म्हटलं, आणि दूध ढवळून पुन्हा नमुना लावला.