उसाच्या बिलातून उभं राहिलेलं आयटी

पुण्यातल्या आयटीबद्दल कुणी बोलायला लागलं की गोष्ट १९९१ पासूनच सुरू होते. उदारीकरण, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, मग थेट हिंजवडी. फार तर एखादा हळहळतो, की इन्फोसिस १९८१ साली जन्मली पुण्यात आणि दोन वर्षांत गेली बंगळुरूला. सगळं खरं आहे. पण कंपन्यांना लागणारी ही एवढी पोरं आली कुठून, हे कुणी विचारत नाही. मी त्यातलाच एक, म्हणून सांगतो.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच नावं होती. परवानगी मिळाल्यावर पहिल्या झपाट्यात कॉलेजं कुठे निघाली बघा: वारणानगर, साखराळे, लोणी, कोपरगाव. साखर कारखान्यांचा नकाशा काढा, निम्मी कॉलेजं त्यावर आपोआप सापडतील. ‘शिक्षणसम्राट’ म्हणून लोक नावं ठेवायचे, आणि उगाच ठेवत नव्हते. डोनेशन इतकं बोकाळलं की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला.

माझा प्रवेश १९९३ चा. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी कॉलेजांतल्या जागा निम्म्या-निम्म्या वाटल्या, कमी फीची फ्री सीट आणि जादा फीची पेमेंट सीट. मला बारावीला जे मार्क पडले होते त्यात पेमेंटच मिळायची. तीही कॉम्प्युटरला नाही, प्रॉडक्शनला. आमच्या आण्णांना फ्री आणि पेमेंटमधला फरक फीच्या आकड्यापुरताच कळत होता. ते म्हणाले, “पहिल्या हप्त्याला सोसायटीचं कर्ज उचलू. पुढचं बिल पडलं की बघू.” बिल म्हणजे उसाचं बिल. चार वर्षं माझी फी आणि कारखान्याची तारीख यांची शर्यत चालली. कारखान्याने बिल थकवलं की माझा हॉल तिकीट अडकायचा.

कॉलेज कसं होतं? वर्कशॉपला पत्रे होते, ग्रंथालयात एका पुस्तकाच्या दोन प्रती, आणि शिकवायला आदल्या वर्षी पास झालेला पोरगा. एसी मात्र एकाच खोलीत, कॉम्प्युटर लॅबमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं. उन्हाळ्यात प्रॉडक्शनची पोरं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला तिथे का गर्दी करायची, याचं अर्धं कारण तो एसी होता. एका मशीनवर तिघं. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने वहीतला प्रोग्रॅम वाचून दाखवायचा, तिसऱ्याने पाठीमागून “अरे, सेमीकोलन!” म्हणून ओरडायचं.

१९९७ ला पास झालो तेव्हा लेथवर उभं राहायची नोकरी मिळेना आणि सॉफ्टवेअरवाले ब्रँच विचारत नव्हते. सिव्हिल, केमिकल, प्रॉडक्शन, कुणीही या, ॲप्टिट्यूड टेस्ट द्या, बाँड लिहून द्या. कारण वायटूके. जगभरच्या जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते. ९९ नंतर ०० आलं की मशीन ते १९०० धरणार, म्हणजे त्याच्या हिशेबाने माणूस जन्माआधीच विमा उतरवणार. आम्हाला तीन महिन्यांत कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा शिकवली आणि मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात एका अमेरिकन विमा कंपनीच्या कोडसमोर बसवलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. काम इतकंच: तारखेचं फील्ड शोधा, ते कुठे कुठे वापरलंय ते वहीत टिपा, शक्य तिथे चार आकडे करा, नाही तिथे ‘विंडो’ घाला. म्हणजे ५० च्या खालचा आकडा असेल तर त्याआधी २० धरायचा, वरचा असेल तर १९. माझ्यापेक्षा वयाने मोठे प्रोग्रॅम होते ते. कुणा अमेरिकन माणसाने त्यात लिहून ठेवलं होतं, की हा भाग तात्पुरता आहे, नंतर नीट करू.

याला कुणी नावीन्य म्हणणार नाही. धुणीभांडीच होती ती. पण त्यातून क्लायंटचा धंदा कळला, त्यांच्याशी फोनवर बोलायची भीड चेपली. अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली, तेव्हा आमची अर्धी बॅच तिकडे उडाली. २०००-०१ मध्ये डॉट कॉम कंपन्यांचा फुगा फुटल्यावर त्यातले बरेच परतले आणि पुण्यात टीम लीड झाले. मीही तेव्हाच हिंजवडीला आलो.

तिथलीही गंमत म्हणजे, शरद पवार सांगतात त्याप्रमाणे, त्या जागी साखर कारखाना व्हायचा होता. भूमिपूजनाला बोलावलं तेव्हा त्यांनी कारखाना दुसरीकडे हलवायला लावला आणि जागा आयटीला दिली. कारखाना कासारसाईला गेला. आता त्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला अडकलेलं असताना मला ऊस बरा होता असं वाटतं, तो भाग वेगळा.

डोनेशन कॉलेजांना मी क्लीन चिट देत नाहीये. त्यांनी शिकवलं कमी आणि लुटलं भरपूर. पण सांगली-कोल्हापूर-नगरची ऊसवाल्यांची पोरं शेकड्याने इंजिनिअर झाली ती त्यांच्यामुळेच, आणि ती कामाला लागली ती असल्या कंटाळवाण्या कामामुळे. विकसनशील देशात आयटी वाढवायचं म्हणून स्टार्टअप, इनोव्हेशन वगैरे भाषणं होतात, तेव्हा ही खालची पायरी कुणाला दिसत नाही.

आणि आता नेमकी तीच पायरी निघतेय. तारखेचं फील्ड शोधून देणं, जुना कोबोल समजावून सांगणं, हे एआयचं टूल काही मिनिटांत करतं. मी रोज वापरतो, चांगलं आहे. माझा पुतण्या यंदा माझ्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रॉडक्शन ब्रँच तिथे कधीच बंद झाली, तो एआय-डेटा सायन्सला आहे. विचारतो, “काका, कॅम्पसला कोण येणार?”

या तिमाहीत मी टीमसाठी दोन फ्रेशर मागितले. वरून विचारणा आली, टूलवर भागत नाही का? मी उत्तर धाडलं: टूलवर भागतं, पण पाच वर्षांनी टूलची चूक पकडायला माणूस लागेल, तो आत्ता घ्यावा लागतो. अजून मंजुरी आलेली नाही. पुतण्याला तेवढंच कळवलंय.