कसरतीच्या लहान कंट्रोल-लाइन विमानाचा आराखडा निवडताना

कंट्रोल-लाइन विमान म्हणजे मध्यभागी उभे राहून, हातातल्या हँडलला बांधलेल्या दोन दोऱ्यांनी आपल्याभोवती गोल फिरवत उडवायचे मॉडेल विमान. 0.8 सीसीचे छोटे ग्लो इंजिन (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे) माझ्याकडे होते, त्याला साजेसे कसरती विमान तेवढे हवे होते. जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी आखलेल्या नोबलर या कसरती मॉडेलच्या रूपावर मी फार पूर्वीपासून लुब्ध असल्यामुळे त्याच धाटणीचा, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या) असलेला, पूर्ण गोलाईच्या फ्यूजलाजचा (धडाचा) आराखडा मी लहान करून घेतला. वास्तविक नोबलर हे त्याच्या कितीतरी पट मोठ्या, .35 वर्गाच्या (0.35 घनइंच, म्हणजे सुमारे 5.7 सीसी) इंजिनासाठी आखलेले विमान आहे. पण त्या वेळी हा फरक मला केवळ मापाचा वाटला.

विमान देखणे झाले, आणि जड झाले. पंखाचे क्षेत्रफळ 9 चौरस डेसिमीटर आणि वजन 265 ग्रॅम, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला जवळजवळ 29 ग्रॅम. आराखडा निम्मा केला की क्षेत्रफळ एकचतुर्थांश होते, पण बेलक्रँक (दोऱ्यांची ओढ शेपटीकडे पोहोचवणारी तरफ), बिजागऱ्या, गोंद आणि रंग त्या प्रमाणात हलके होत नाहीत. शिवाय फ्लॅपच्या हॉर्नमध्ये (फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या दांड्यात) राहिलेली केसभर ढील मोठ्या विमानात लपते, लहानात मात्र विमान सरळ रेषेत स्थिरच राहत नाही. पहिल्याच लूपमध्ये (उभ्या वर्तुळाच्या कसरतीत) मी हँडल पूर्ण ओढले, नाक वर आले, पण विमान खालीच घसरत राहिले आणि प्रॉपेलर जमिनीत रुतला.

तुकडे गोळा केल्यावर मी वही उघडली. पंख स्टॉलच्या सीमेवर, म्हणजे आणखी तिरपा केला तर उचल हरवेल अशा स्थितीत असताना लूपची त्रिज्या वेगावर नव्हे, तर पंखावरील भारावर (क्षेत्रफळामागे येणाऱ्या वजनावर) ठरते. त्यामुळे अधिक जोरदार इंजिन हा माझ्या मनातला उपाय तिथेच बाद झाला. 12 मीटरच्या दोऱ्यांवर, जमिनीपासून दीड मीटरवर सुरू होऊन 45 अंशांपर्यंत जाणाऱ्या लूपची त्रिज्या साधारण 4 मीटर भरते, आणि माझ्या विमानाला 5 मीटरच्या आसपास जागा लागत होती. त्या लूपमधून ते सुखरूप बाहेर पडणारच नव्हते.

त्यानंतर आराखडे पाहताना मी चित्राकडे शेवटी पाहू लागलो. निवडला तो दिसायला अगदीच सामान्य: सपाट प्रोफाइल फ्यूजलाज (एकाच फळीतून कापलेले धड), फ्लॅप नाहीत, जाड आणि बोथट नाकाचा पंख, लांबट शेपूट. क्षेत्रफळ साडेबारा चौरस डेसिमीटर, तयार वजन 190 ग्रॅम. हलके बाल्सा लाकूड निवडण्यासाठी प्रत्येक फळी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, आणि खरे सांगायचे तर बांधणीपेक्षा त्यातच अधिक वेळ गेला.

हलकेपणाची किंमत दोऱ्यांच्या ताणात मोजावी लागते. साडेचार सेकंदांची फेरी धरली तर समतल उड्डाणात ताण जेमतेम 450 ग्रॅम येतो, आणि डोक्यावर आल्यावर विमानाचे स्वतःचे वजन त्यातून वजा होते. म्हणून आराखड्यात आतला पंख थोडा लांब, बाहेरच्या टोकाला शिसे ठेवण्याची जागा आणि लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाच्या टोकाबाहेर येणाऱ्या, दोऱ्या जोडायच्या तारा) पुढे-मागे सरकवण्याची सोय आहे ना, हे मी मुद्दाम तपासले होते. दोऱ्यांना हवेचा विरोध होऊन त्या मागे झुकतात, त्यामुळे लीडआउट गुरुत्वमध्याच्या किंचित मागे हवेत.

पहिला लूप आरामात बसला. उलट्या उड्डाणात मात्र बाहेरचा पंख खाली झुकत होता, म्हणून शिसे कानस लावून थोडे कमी केले, आणि विंगओव्हरमध्ये (सरळ वर चढून डोक्यावरून पलीकडे उतरण्याच्या कसरतीत) डोक्यावर दोऱ्या सैल वाटल्या की दोन पावले मागे सरायची सवय पायांना लावली.