आमची वाटचाल : खतावणीपासून चांदोबापर्यंत

वडिलांनी सांगलीत बायंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः हळद आणि गुळाचे अडते. रोजमेळ, कीर्द, खतावणी. लाल कापडाच्या, जाडजूड पुठ्ठ्याच्या हिशोबाच्या वह्या. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत दुकानात खळीचा वास आणि रात्रीचं जागरण. उन्हाळ्यात वाचनालयांची पुस्तकं यायची, जूनच्या तोंडावर शाळांची हजेरीपत्रकं. मी जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने शिवून बांधणं, शिकलो ती या वह्यांवरच. पुढे पेढ्यांवर संगणक आले आणि एकेका पेढीला पूजेपुरती एक वही लागू लागली. तो काळ लांबवून सांगण्यात अर्थ नाही. दुकान चालत होतं, इतकंच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर लोक भिजलेले कागद घेऊन येऊ लागले. खरेदीखतं, लग्नाचे अल्बम, पत्रिका हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्याबरोबर पन्नाशीच्या माणसांच्या पिशव्यांतून चांदोबा, किशोर ही मुलांची मासिकं आणि फास्टर फेणेची पुस्तकं निघायला लागली. एक निवृत्त बँक अधिकारी तर म्हणाले, "सातबाऱ्याची नक्कल तलाठी देईल हो, आधी हे बघा." मला वाटतं, आमच्या धंद्याने वळण घेतलं ते त्या वाक्यावर.

भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवायचं नसतं. पुठ्ठा वाकडा होतो, शाई उडते. पानांमध्ये टिपकागद घालायचा, तो बदलत राहायचं आणि पंख्याखाली वाळवायचं. गुळगुळीत आर्ट पेपर एकदा चिकटून वाळला की संपलं, तो ओला असतानाच सोडवावा लागतो. किशोर आणि चांदोबाचा साधा कागद त्या मानाने सोशिक. सगळं एकदम हाती घेता येईना म्हणून बाकीची पुस्तकं ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. थंडीत बुरशी वाढत नाही. फॅमिली पॅकच्या शेजारी विक्रम आणि वेताळ, असं दृश्य सांगलीत तरी आधी कुणी पाहिलं नसावं.

किशोर बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केला. त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर फुकट वाचायला ठेवलेत. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे घेताना जीभ अडखळते. बहुतेकांना ते माहीत असतं. "वाचलेत की मोबाइलवर," म्हणतात, आणि अंक पुढे करतात. त्याच्यावर पोस्टाच्या पट्टीचा तुकडा असतो, शब्दकोड्यात धाकट्या भावाने भरलेली चुकीची उत्तरं असतात, कुणीतरी वाघाला काढलेल्या मिशा असतात. गोष्ट कुठेही मिळते. ही माणसं स्वतःची प्रत वाचवायला आलेली असतात.

हे ध्यानात आल्यावर आम्ही कटिंग बंद केलं. आमच्या धंद्याची जुनी रीत अशी की बांधून झाल्यावर तिन्ही बाजूंनी सुरी फिरवायची, म्हणजे पुस्तक नव्यासारखं दिसतं. पण मुलं लिहितात ती समासातच. "इयत्ता ४ थी ब" मधला "ब" कापला गेला तर त्या माणसाच्या दृष्टीने पुस्तकच कापलं. आता कडा जशा असतील तशा ठेवतो. रेघोट्याही पुसत नाही. सेलोटेप मात्र काढावीच लागते, तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ. वडील वह्यांच्या खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. या कामात मी घालत नाही.

चांदोबाचा त्रास पिनांचा. पिना गंजतात आणि मधलं पान खाऊन टाकतात. पिना काढून घडीवर टिश्यूची पट्टी, मग दोऱ्याने शिवण, आणि बारा अंकांचा एक खंड. चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, प्रत्येकाला तस्साच आठवतो. गोष्टीत वेताळाने विचारलेला प्रश्न मात्र क्वचितच कुणाला आठवतो. २०२० मध्ये शंकर गेले तेव्हा दुकानात अंक द्यायला आलेली दोन अनोळखी माणसं तासभर त्यांच्याबद्दलच बोलत बसली होती.

सोव्हिएत पुस्तकं आली की बायंडर म्हणून मी जरा हरखतो. प्रगती, रादुगा या तिथल्या प्रकाशनांची ती पुस्तकं, अनिल हवालदारांची मराठी भाषांतरं. मॉस्कोत छापलेली, स्वस्त, आणि शिवण अशी की अजूनही कित्येकांना हात लावायची गरज पडत नाही. १९९१ नंतर ती यायची थांबली, म्हणून ज्यांच्याकडे आहेत ते जिवापाड जपतात आणि ज्यांच्याकडे नाहीत ते आम्हाला शोधायला सांगतात.

हे शोधणं आता निम्मा व्यवसाय झालाय. लेखकाचं नाव सहसा कुणाला आठवत नाही. "सायकल होती, पाऊस होता, मुखपृष्ठ पिवळं" एवढ्यावर निघायचं. पुणे-मुंबईचे रद्दीवाले, बंद पडणारी वाचनालयं, घर बदलणारी मंडळी. पुण्याबाहेरची, आता तर कॅलिफोर्नियातलीही मंडळी भा. रा. भागवतांची फास्टर फेणेची पुस्तकं मागतात. नवी आवृत्ती मिळते असं सांगितलं तर गप्प होतात, मग विचारतात, "जुनं कव्हर नाही का मिळणार?" फास्टर फेणेवरच्या २०१७ च्या सिनेमानंतर ही मागणी वाढली. दूरदर्शनवरची १९८७ ची मालिका ज्यांनी पाहिली, ते अर्थातच सिनेमावर नाराज.

झेरॉक्स काढून बांधून द्या, असंही सांगतात. ते आम्ही करत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत थांबा. "आपण दोघंही तोवर असणार नाही," असं एक काका म्हणाले आणि मूळ प्रत शोधायची ऑर्डर देऊन गेले.

'श्यामची आई' न्यायला येणारे एक गोष्ट हमखास सांगतात. लहानपणी श्यामसाठी रडू यायचं, आता पुस्तकातल्या बेचाळीस रात्री वाचताना त्या बाईच्या गरिबीचा हिशोब डोक्यात चालू राहतो. काहींना राग येतो, काहींना पुढे वाचवत नाही. दोन्ही प्रकारची माणसं पुस्तक मात्र कापडी बांधणीतच मागतात.

दुकानात आता मी, पत्नी आणि एक कारागीर. पत्नी शोधाची वही सांभाळते, कोणाला कोणता अंक हवाय ते. खतावण्याही थोड्या होतातच, तीन जुने अडते अजून येतात. जून ते सप्टेंबर खळ नीट वाळत नाही, त्यामुळे बांधणीचं नवं काम घेत नाही. त्या काळात फक्त शोध आणि टिश्यूचं काम. पावसाळ्यात पुस्तक पाठवायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पाठवा, आणि कृपा करून वर सेलोटेप लावू नका.